मदत हवी आहे: मणक्याची गादी सरकलीये, लोहाच्या गोळ्या बंद करू का?

वय 46, राहणार कासारवडवली, ठाणे. एमआरआयमध्ये एल4-एल5 ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जाते. घोडबंदर रोडवर रिक्षा खड्ड्यात आपटली की डोळ्यांत पाणीच. त्यात हिमोग्लोबिन 8.9, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या. तीन आठवडे झाले.

परवा भाचा आला, एमएस्सी बायोटेक करतोय. फ्रीजवरची स्ट्रिप उचलून म्हणाला, "मावशी, मणका खराब आणि वर तू लोखंड खातेस?" मग तासभर फेरोप्टोसिस.

मला कळलं ते असं: पेशीत मोकळं लोह वाढलं की तिच्या आवरणातली चरबी खवट होते, जुन्या शेंगदाण्यांसारखी, आणि पेशी मरते. एरवी जीपीएक्स4 नावाचं एन्झाइम ग्लुटाथायोन या पेशीतल्याच रक्षक रेणूच्या जोरावर हे थोपवतं. 2012 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या डिक्सन-स्टॉकवेल या संशोधक मंडळींनी या मरणाला फेरोप्टोसिस हे नाव दिलं. गादीच्या आतल्या मऊ गरातल्या पेशीही अशा मरतात म्हणे.

तर गोळ्या थांबवू का? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. मागे गूगलचं नाव काढलं तर चिडले होते.

प्रतिसाद:
ताई, स्वतःहून बंद करू नका. भाच्याचं वाचन बरोबर, सल्ला चुकला. गादीत एरवी रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. ती फाटली की नव्या वाहिन्या आत शिरतात, तांबड्या पेशी तिथे फुटतात आणि त्यांतलं लोह साचतं. म्हणजे भानगड त्या जागेपुरती. अंगात तुमच्या तुटवडाच दिसतोय. शिवाय हे बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेलं. मज्जारज्जूला मार लागलेल्या उंदरांना डेफेरॉक्सामिन देऊन पाहिलंय. थॅलेसेमियावाल्यांचं जास्तीचं लोह काढायचं जुनंच औषध ते. त्यावरून माणसाच्या गोळ्या थांबवत नाहीत.

फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केलंत का? पाळीला जास्त जातं का? मला मणक्यापेक्षा त्याची काळजी वाटते. गोळी चहाबरोबर नको. आणि लघवीवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर तडक इस्पितळ, रात्र असली तरी.

धागाकर्ती:
फेरिटिन कुणी सांगितलंच नव्हतं, उद्या करते. पाळीचं बरोबर ओळखलंत, वर्षभर तेच चाललंय. आणि गोळी रोज सकाळच्या चहाबरोबरच घेत होते हो!