मदत हवी आहे: स्टेशनला लागून की रुळांपलीकडे? घर ठरवायचंय, लवकर सांगा

गोंधळलेला_गडी: दोन भाग बघितलेत. एक स्टेशनला लागून, जुनी वस्ती, घर लहान. दुसरा फाटकापलीकडे, नव्या सोसायट्या, तेवढ्याच पैशात एक खोली जास्त. मला पहिला आवडलाय, बायकोला दुसरा. रविवारी टोकन द्यायचंय. "गरजेनुसार ठरवा" असलं काही लिहू नका प्लीज, एक काय ते सांगा.

फिरस्ता: ऑफिस कुठे, रोज जाता का, पलीकडे म्हणजे किती लांब, काहीच लिहिलं नाहीये.

गोंधळलेला_गडी: एजंट म्हणाला पाच मिनिटं.

फिरस्ता: पाच मिनिटं कशाने? माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो, नकाशावर अंतर मोजा. आणि कामाच्या दिवशी सकाळी 8 ला फाटकावर जाऊन उभे राहा. आमच्याकडे गाडी समोर दिसते आणि आपण फाटकाच्या चुकीच्या बाजूला.

रातराणी: स्टेशनजवळ नकोच हो. गाड्यांच्या आवाजाची सवय होते, अनाउन्समेंटची नाही होत.

खडूस_काका: डबल काच लावा.

रातराणी: आणि हवा कुठून येणार काका?

खडूस_काका: ते सोडा, पलीकडे इतकी वर्षं कोणी का बांधलं नव्हतं ते विचारा आधी. अशी मोकळी राहिलेली जागा बरेचदा सखल असते. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता, कर्ज 30 वर्षांचं असेल तर तेवढ्यात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 26 टक्के होते.

रातराणी: काका प्रत्येक धाग्यात पूर आणतात.

शेअरबाजीराव: घर घेऊच नका. भाड्याने राहा, उरलेले इंडेक्स फंडात टाका.

गोंधळलेला_गडी: हे मी विचारलंय का?

पुस्तकी_किडा: चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की माणसाचा रोजचा प्रवास सरासरी तासाभराच्या आसपासच राहतो, जाऊन-येऊन धरून. त्यामुळे मोजायचं तर दारापासून दारापर्यंत मोजा, नुसता गाडीतला वेळ नको.

फिरस्ता: अहो पण ऑफिसचं राहिलंच.

गोंधळलेला_गडी: मी घरूनच काम करतो, आठवड्यातून एकदा जातो. बायको रोज जाते, कारने, हायवेवरून.

फिरस्ता: मग स्टेशन कशाला हवंय तुम्हाला??

गोंधळलेला_गडी: रीसेलला बरं असतं म्हणतात ना.

रातराणी: हायवे फाटकाच्या कुठल्या बाजूला?

गोंधळलेला_गडी: पलीकडच्याच.

रातराणी: म्हणजे स्टेशनजवळ घेतलंत तर एक दिवस जाणाऱ्यासाठी रोज जाणारी फाटकावर अडकणार. वहिनींचं ऐका.

खडूस_काका: ऐका, पण तळमजल्यावरच्या लोकांना भेटल्याशिवाय टोकन देऊ नका. पार्किंगमधले वीजमीटर बघा. पाणी शिरून गेलं की लोक मीटर वर सरकवतात, भिंतीला नुसता नवा रंग दिलेला असतो.

गोंधळलेला_गडी: आत्ताच जाऊन आलो. मीटर डोक्याच्या वर आहेत, खाली भिंतीवर बुजवलेल्या चौकोनी खुणा दिसतायत. हे वाईट का?

खडूस_काका: फोटो टाका. आणि रविवारचं पुढे ढकला.