रंगच द्यायचा तर सागवान कशाला?

लाकूडकाम रंगाखाली झाकायचं तर सागवानावर पैसे घालू नका, साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) वापरा, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. सागवानाचं म्हणणं पटलं. पण साधा एमडीएफ मुंबईत निदान स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी लादीलगत ठोकायच्या पट्टीला, तरी नको. रोज लादी पुसताना त्याची खालची कड पाणी पिते, फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही. पाइन चालेल, फक्त गाठींवर आधी लाखेचा हात मारा, नाहीतर पांढऱ्या रंगातून पिवळे डाग वर येतात.

पट्टीच्या पाठीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. सुतार ठोकून मोकळा, रंगारी दिसेल तेवढंच रंगवणार. ठोकण्याआधीच मागची बाजू आणि कापलेली टोकं प्रायमरने (रंगाआधीच्या अस्तराने) भरून घ्या. लाकूड ओल सर्वात जास्त टोकातून ओढतं. नाहीतर पावसाळ्यात पट्टी हलते आणि कोपऱ्यातली लांबी (फटीत भरलेली पुट्टी) तडकते. सुतार कुरकुरेल, कुरकुरू दे.