काळ्या मातीवरच्या अंगणात पेव्हर टिकतील का? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर बेसा भागात आहे. घरापुढे साधारण ६०० चौरस फूट जागा मोकळी आहे. एका बाजूला कार लागते, बाकीच्या भागात आई-बाबा सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतात आणि कोपऱ्यात एक कडुनिंब आहे. खाली सगळी काळी माती. मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच फुगते. शेजारचे पेव्हर (जमिनीवर मांडायचे काँक्रीटचे ब्लॉक) एका पावसाळ्यात उंचसखल झाले. गेटजवळच्या ब्लॉकवर पाय ठेवला की तो डुगडुगतो आणि फटीतून गढूळ पाणी पायावर उडतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे डिझाइन कसंही असो, जमीन सपाट आणि न घसरणारी हवी.

कंत्राटदार म्हणतो, आहे तीच माती रोलरने दाबू, वर चुरी (दगडाचा बारीक चुरा) टाकू आणि ब्लॉक मांडू. मला हे पटत नाही. खालची माती हलली तर वरचा ब्लॉक कितीही भक्कम असो, तो हलणारच. माझा विचार असा: फूट-दीड फूट माती काढायची, जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं म्हणजे माती वरच्या थरात मिसळणार नाही, मग मुरूम थराथराने पाणी मारून कुटायचा, त्यावर गिट्टी, शेवटी इंचभर चुरी. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. उतार घरापासून बाहेर, दर १० फुटांना २ इंच. कडुनिंबाभोवतीची जागा उघडीच ठेवणार आहे.

आता अडलंय ते इथे. आयएस १५६५८ (पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिमी जाडीचे, एम-३५ (काँक्रीटच्या मजबुतीचा दर्जा) ब्लॉक चालतात. पण अशा मातीवर कारखाली ८० मिमीचे घ्यावेत का? माती काढण्याऐवजी तिच्यात चुना मिसळून कोणी घट्ट केली आहे का? खर्चात किती फरक पडला? आईला शहाबादी फरशी आवडते, पण पावसात तिच्यावर शेवाळ धरेल अशी मला धास्ती आहे.

काम दिवाळीनंतर काढायचंय. ज्यांच्या अंगणाने काळ्या मातीवर तीन-चार पावसाळे काढलेत, त्यांनी खाली किती जाडीचा थर दिला होता तेवढं जरूर सांगा. फोटो असले तर फारच उत्तम.