मदत हवी आहे: प्रॉक्सी लावली की कंटेनर आपसात बोलत नाहीत

बडोद्याला, दांडिया बाजारातल्या ऑफिसात एका जुन्या पीसीवर उबुंटू २२.०४ टाकून डॉकर कंपोजवर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत एकत्र चालवायचं साधन) दोन कंटेनर, म्हणजे असे कप्पे, चालवतोय, एक ॲप आणि एक सर्च. बाहेरचं इंटरनेट फक्त प्रॉक्सीतूनच (ऑफिसच्या मधल्या सर्व्हरमधून) मिळतं, पोर्ट ३१२८, आणि ते बदलून मिळणार नाही, नेटवर्कवाले भाई नुसतं "थई जशे" (होऊन जाईल) म्हणतात.

आधी डॉकर पुलच (कंटेनरसाठी लागणाऱ्या फाईली नेटवरून उतरवणं) होत नव्हतं. टर्मिनलमधे प्रॉक्सी सेट होती पण डेमन (डॉकरचा मागे चालणारा प्रोग्राम) ती वाचत नाही, म्हणून सिस्टमडीत (असे प्रोग्राम सुरू करणारी उबुंटूची व्यवस्था) वेगळी फाईल केली, तरी अडलं, कारण प्रॉक्सीच्या पासवर्डात ॲट (@) आहे, त्याचं टक्का ४० (%40) करायचं आणि सिस्टमडीत तो टक्का परत डबल (%%40) लिहायचा, यात माझा अख्खा शनिवार गेला. असो, पुल आता मस्त चालतंय.

आता अडचण अशी की एन्व्ह फाईलमधे (कंटेनरला द्यायच्या सेटिंगांची फाईल) तीच प्रॉक्सी दिली तर ॲप बाहेर जातं, पण सर्चला केलेली साधी एचटीटीपी रिक्वेस्टपण प्रॉक्सीकडेच जाते आणि ५०३ (सर्व्हिस उपलब्ध नाही) हा एरर येतो. प्रॉक्सी काढली की सर्च चालतं, बाहेरचं बंद. नो प्रॉक्सीत (प्रॉक्सी टाळून थेट जायच्या पत्त्यांची यादी) लोकलहोस्ट आणि १७२.१८.०.०/१६ ही कंटेनरांची आयपी रेंज आहे, कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही स्पेलिंगं दिलीत, दरवेळी नुसतं रीस्टार्ट न करता कंटेनर नव्याने बनवलेत, आत जाऊन बघितलं तर व्हॅल्यू बरोबर दिसतात.

ॲप सर्चला आयपीने नाही, सर्व्हिसच्या (कंपोजमधे कंटेनरला दिलेल्या) नावाने हाक मारतं, मग नो प्रॉक्सीत रेंजऐवजी ते नावच लिहायचं का, आणि पुढे सर्व्हिस वाढल्या तर प्रत्येकीचं वेगळं टाकावं लागेल का?