रिकामी पिकअप आपटते: पाटा काढावा की नाही?

ओढ्याकाठचा (धागा सुरू करणारा)

राम राम मंडळी. घरची २००९ ची पिकअप आहे. टोमॅटोचे दिवस होते तेव्हा ओतूरहून नारायणगावला रोज साठ क्रेट जायचे, आणि भरलेली गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी जायची. आता टोमॅटो बंद. आण्णा (वडील, वय ६८) त्याच गाडीतून दुधाचे दोन कॅन आणि चार पेंढ्या घास आणतात. रिकामी गाडी ओढ्याच्या फरशीवर अशी आदळते की कॅनची झाकणं उडतात. दुपारी आण्णा पालथे पडून कमरेला शेक घेतात.

पाटेवाला मिस्त्री म्हणतो, मागचे दोन पाटे (स्प्रिंगच्या एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या) काढ, कारसारखी चालेल. मला पटतंय. जी गाडी भरायचीच नाही तिला टनाचे पाटे कशाला? विरोध असेल तर कारण द्या. 'कंपनीने विचार करूनच बसवलेत' एवढ्यावर भागणार नाही.

माळशेज_लाइन

बिनधास्त काढा. माझ्या गाडीचा एक काढून चार वर्षं झाली, घाटातून कल्याणला भाजी नेतो, काही झालं नाही. मात्र दोन नको, एकच. आणि मेन पाटा व त्याच्या लगतचा, या दोघांना हात लावू नका. एक्सल त्यांनीच धरून ठेवलाय.

ग्रीसचे_हात

मी विरोधात. गॅरेज चालवतो म्हणून कारणासकट सांगतो.

पाट्याची ताठरता जाडीच्या घनाने वाढते. ८ मिमीचा आणि १० मिमीचा पाटा हातात घेतला तर फारसा फरक वाटत नाही, पण लांबी-रुंदी सारखी असेल तर १० चा जवळजवळ दुप्पट ताठ. म्हणजे 'एक पाटा काढला' याला अर्थच नाही, कुठला काढला ते सांगा. तळाचा जाड हेल्पर (जास्त मालासाठीचा जादा पाटा) तर बऱ्याच गाड्यांत रिकाम्यात टेकतच नाही. तो काढून रिकामी गाडी मऊ होत नाही, भरलेली मात्र बसते.

दुसरं, बऱ्याच पिकअपला चेसिस आणि मागच्या एक्सलच्या मध्ये दांडीवर चालणारा ब्रेकचा व्हॉल्व असतो. मागची बाजू खाली बसली की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटा काढलात की रिकामी गाडीही बसणार, व्हॉल्व फसणार. पावसात ब्रेक मारलात की मागची चाकं जाम होऊन गाडी फिरणार.

माळशेज_लाइन

दादा, त्या दांडीला सेटिंग असतं. मी करून घेतलं होतं.

ग्रीसचे_हात

तुम्ही घेतलं. पाटेवाले किती जण करतात? बहुतेकांना तो व्हॉल्व म्हणजे गंजलेली तार वाटते. शिवाय पाटा कमी झाला की जुना यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारा) लांब पडतो, आटे संपतात. तोच परत आवळला तर वाटतो घट्ट, पण नसतो. मग सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते.

बांधावरची

दोघांचंही बरोबर असेल. मला वेगळीच भीती वाटते. आपल्याकडे गाडी एका घराची असते का हो? आमची पिकअप वर्षातून दहा वेळा भावकीत जाते. तुम्ही आण्णांच्या कमरेसाठी पाटा काढाल, आणि चुलतभाऊ त्यात दोन टन कांदा भरेल. त्याला कोण सांगणार? आरसी बुकावर पाटा काढल्याचं लिहिलेलं नसतं. जास्त वजनाला दंड २०,००० रुपये आणि वर टनामागे २,०००, तो वेगळाच.

रेतीची_गोणी

चार गोण्या वाळू टाका, एक्सलच्या वर, दोरीने बांधून. विषय संपला.

ओढ्याकाठचा

वाळू टाकून पाहिली होती. बरं वाटतं, पण घास आणायला जागा उरत नाही आणि आण्णा रोज कुरकुरतात.

ग्रीसचे_हात

आधी हवा किती भरता ते सांगा. आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश शेवटचे कधी बदलले?

ओढ्याकाठचा

मागे ६०. टोमॅटोच्या वेळची सवय. बुश बदलल्याचं आठवतच नाही.

ग्रीसचे_हात

मग पाट्यांच्या नावाने का ओरडताय? टायर दगड करून ठेवलाय. रिकामी पळवायची तर हवा कमी करा, पण माल भरण्याआधी परत पूर्ण. कमी हवेत माल भरला तर टायर तापून फुटतो. आणि पाटे उतरवून बघा. एकमेकांवर घसरले तरच ते वाकतात. गंजून चिकटले की सातांचा एकच जाड पाटा होतो, बारीक खड्डा थेट सीटवर येतो. शॉकअप मात्र उगाच बदलू नका. गेलेल्या शॉकअपने गाडी डोलत राहते, आपटण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं.

ओढ्याकाठचा (दहा दिवसांनी)

पाटे उतरवले. दोन पाट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे निघाले, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. वेगळे करायला घण लागला. शॅकलच्या बुशाचं भोक गोल नव्हतंच, अंड्यासारखं झालं होतं. वायर ब्रशने घासून ग्रॅफाइट लावलं, बुश आणि यू-बोल्ट नवे, हवा ४०. पाटे सातच्या सात. फरशीवर झाकणं आता उडत नाहीत, नुसती वाजतात.

ग्रीसचे_हात

साधं ग्रीस लावलं नाही हे बरं केलंत. धूळ धरून त्याचाच घासपेपर होतो. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा.

माळशेज_लाइन

सगळं ठीक, पण आण्णांना विचारलंत का? कारण एवढं करूनही रिकामी पिकअप ही पिकअपच. मी अजून म्हणतो, एक काढा.

ओढ्याकाठचा

विचारलं. 'पहिल्यापेक्षा बरी, पण मोठ्या खड्ड्याला लागतंच,' म्हणाले. खरं सांगायचं तर एक पाटा काढायचं माझ्याही डोक्यात अजून आहे. पण ताई, तुमचं म्हणणं आठवतंय. परवाच शेजारचे तात्या चावी मागायला आले होते. कांदा भरायचाय म्हणे.