पणजोबांची ठासणीची बंदूक आणि नाटकातली प्रतिकृती टपालाने पाठवता येईल का?

प्रश्न (मंगळवार पेठकर): आमच्या कोल्हापूरच्या घरी पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. खंडेनवमीच्या पूजेपुरती ती माळ्यावरून खाली येते. ती पुण्याच्या चुलतभावाकडे द्यावी असे घरात ठरले असून, सोबत नाटकासाठी करून घेतलेली लाकडी प्रतिकृतीही पाठवायची आहे. अमेरिकेतला भाचा म्हणतो की तिकडे जुन्या बंदुका टपालाने जातात. इथे तसे करता येईल का?

करवीरकर: केवळ जुनी आहे म्हणून बंदूक कायद्याबाहेर जात नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे. मात्र ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असले पाहिजे, आणि घोडा व नळी शाबूत असलेल्या ठासणीच्या बंदुकीचे बहुधा इथेच अडते. सूट लागू नसेल तर भावाकडे स्वतःचा परवाना हवा. कोल्हापुरात परवाना जिल्हाधिकारी देतात, पुणे शहरात पोलीस आयुक्त. आजोबांच्या नावे जुना परवाना होता का, हे आधी घरच्या कागदांत शोधा. तो निकाल लागेपर्यंत पार्सलाचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साता समुद्रापार: भाच्याचे म्हणणे तिथल्यापुरते बरोबर आहे. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेली बंदूक ‘पुरातन’ ठरते, आणि अशी रिकामी बंदूक संग्रहाची वस्तू म्हणून तिथले टपाल खाते देशांतर्गत स्वीकारते. बंदुकीची काळी दारू मात्र चालत नाही. भाच्याच्या मनात बंदूक तिकडे मागवण्याचे असेल तर तो नाद सोडावा: शस्त्राच्या निर्यातीला परवाना लागतो, आणि शंभर वर्षांवरील वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवताच येत नाही.

दांडपट्टा: बंदूक हलवण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहा, कारण जुन्या नळीत बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी, तसाच राहिलेला असू शकतो. तोंडासमोर कोणी नसताना लाकडी गज हलकेच आत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोक कानाच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ठिणगी आत जाण्यासाठी असलेल्या छिद्राच्या, दोन-तीन बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे असे समजावे. मग ओढाताण न करता पोलिसांना कळवावे. प्रतिकृतीचे म्हणाल तर क्ष-किरण यंत्रात तिचा आकार खऱ्या बंदुकीसारखाच दिसतो, त्यामुळे ती पाठवायचीच असेल तर आत काय आहे ते वेष्टनावर स्पष्ट लिहून खिडकीवर उघडी दाखवा. आमच्या मंडळाच्या लाकडी बंदुका आम्ही टेम्पोतूनच नेतो.

मंगळवार पेठकर: आभारी आहे. आजोबांच्या ट्रंकेत शिक्क्याचा एक जीर्ण कागद सापडला आहे. तो घेऊन सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. बंदूक तोवर घरीच राहील.