आई म्हणजे प्रेम, पण संस्कृतमुळे नाही

वरती एकांनी लिहिलंय की जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, म्हणजे शब्द मुळात आपलाच असणार, संस्कृतातून तिकडे गेलेला. अहो नाही हो, जपान्यांनी तो चिनीवरून उचलला, तिथेही अर्थ प्रेमच. आपल्याशी जुळला तो निव्वळ योगायोग.

आणि जुळवायचंच तर सगळं घ्या की मग! तुर्कीत 'आय' म्हणजे चंद्र आणि महिना पण, हिब्रूत 'ई' म्हणजे बेट, हवाईयनमध्ये 'आइ' म्हणजे खाणं, आणि तमिळ पोरं 'आय' म्हणतात ती शी लागली की :) व्हिएतनामीत 'आय' म्हणजे 'कोण'. माझा चुलतभाऊ बोटीवर आहे, तो देवगडला घरी फोन लावून आई आई करत असतो तर सोबतचा व्हिएतनामी पोरगा म्हणे रोज विचारायचा, सारखं कोण कोण काय विचारतोस, समोरचा सांगत नाय का?

मला सगळ्यात आवडतं ते पोर्तुगीज. त्यांना लागलं, भाजलं की तोंडातून 'आय' निघतं आणि आपण 'आई गं'! पोर्तुगीज 1740 मध्ये अलिबागजवळचं चौल सोडून गेले तरी तिथल्याच शेजारच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजवरून झालेली बोली बोलतात, तिथे ठेच लागली की नक्की कुठल्या भाषेत ओरडतात ते एकदा जाऊन ऐकायला पाहिजे.

बाकी आमच्या मालवणीत आईला 'आवस', त्यामुळे आमच्यापुरता हा वादच मिटला.